ट्यूनर नेमके काय मोजतो?

अकरावी-बारावीच्या वर्गात हल्ली गिटार वाजवणारी एक-दोन मुले असतातच. घरात वाजवून झाले, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात वाजवून झाले, की गणेशोत्सवातल्या एखाद्या ऑर्केस्ट्रात साथीला उभे राहण्याची संधी येते, आणि मग एक प्रश्न घेऊन ती बहुधा भौतिकशास्त्राच्या शिक्षकांकडे येतात. "सर, पायाने दाबायचा ट्यूनर घ्यायचाय. एका खोक्यावर अचूकता एक सेंट लिहिलीय, दुसऱ्यावर एक दशांश सेंट. दुसऱ्याला पैसे बरेच जास्त पडतात. द्यावेत का?" कोल्हापुरातल्या वाद्यांच्या दुकानात याचे उत्तर मिळते, पण ते बरेचसे त्या दिवशी कपाटात कोणता माल आहे यावर ठरते. शिक्षकाने मात्र हा प्रश्न टाळू नये. तारेची कंपने, विद्युत मंडले आणि मापनातील त्रुटी अशी तीन प्रकरणे त्या लहानशा डबीत एकत्र आलेली आहेत, आणि विद्यार्थी स्वतःहून विचारायला आला आहे!

ज्यांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. इलेक्ट्रिक गिटारमधून निघालेली वायर ॲम्प्लिफायरकडे जाते. त्या वाटेत जमिनीवर ठेवायची ही धातूची डबी. तिच्यावरची कळ पायाने दाबली की ॲम्प्लिफायरकडे जाणारा आवाज बंद होतो आणि डबीवर दिवे लागतात. वादक एक तार छेडतो. तार उतरलेली असेल तर डावीकडचा दिवा लागतो, चढलेली असेल तर उजवीकडचा, आणि बरोबर असेल तर मधला. खुंटी पिळून तार मध्यावर आणायची, पुन्हा कळ दाबायची, की वादन सुरू. श्रोत्यांना यातले काहीही ऐकू येत नाही.

तार मुळात उतरते का, हे आधी पाहू. गिटारच्या सहा तारा जाडीपासून बारकीपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई अशा नावांच्या असतात. त्यांच्या वारंवारता अनुक्रमे ८२.४१, ११०, १४६.८३, १९६, २४६.९४ आणि ३२९.६३ हर्ट्झ. सर्वांत बारीक तार घ्या. ती पोलादी, व्यास ०.२५४ मिलिमीटर, कंप पावणारी लांबी ६४८ मिलिमीटर. सोनोमीटरचे सूत्र वापरून तिच्यातला ताण काढला तर तो सुमारे ७२ न्यूटन येतो, म्हणजे सव्वासात किलो वजन टांगल्याएवढा. एवढ्या ताणाने ती तार आपल्या मूळ लांबीपेक्षा जेमतेम साडेचार मिलिमीटर ताणली गेलेली असते. आता मंचावरचे दिवे लागले आणि तारेचे तापमान ५ अंश सेल्सिअसने वाढले असे धरा. पोलाद तापून तार सुमारे ०.०४ मिलिमीटर लांबेल. आकडा क्षुल्लक वाटतो, पण तो ६४८ शी नव्हे, तर त्या साडेचार मिलिमीटरशी ताडून पाहायचा आहे. ताण जवळजवळ पाऊण ते एक टक्क्याने कमी होतो. वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलत असल्याने ती त्याच्या निम्म्याने, म्हणजे सुमारे ०.४ टक्क्याने उतरते. गिटारची लाकडी मानही थोडी प्रसरण पावते, त्यामुळे प्रत्यक्षात उतार याहून काहीसा कमी असतो. तरीही सरावलेल्या कानाला तो कळतो. त्यात तारा वाजवताना खेचल्या जातात, खुंट्या सरकतात, पावसाळी हवेत लाकूड फुगते. दोन गाण्यांच्या मध्ये सूर तपासावा लागतो तो यामुळे. तो वादकाचा आळस नव्हे.

मोजायचे किती, आणि किती वेळात?

सुरांमधले अंतर हर्ट्झमध्ये सांगणे गैरसोयीचे असते, कारण खालच्या सप्तकात एका स्वरापासून पुढच्या स्वरापर्यंत ५ हर्ट्झ असतील तर दोन सप्तके वर तेच अंतर २० हर्ट्झ होते. कान गुणोत्तर ऐकतो, वजाबाकी नव्हे. म्हणून अलेक्झांडर एलिस या इंग्रज अभ्यासकाने १८८५ मध्ये सेंट हे माप रूढ केले. सप्तकाचे १२०० समान गुणोत्तरांचे भाग करायचे, त्यातला एक भाग म्हणजे एक सेंट. पेटीवरच्या कोणत्याही दोन लगतच्या पट्ट्यांमध्ये, काळ्या धरून, १०० सेंट अंतर. वर काढलेला तापलेल्या तारेचा ०.४ टक्क्यांचा उतार सेंटमध्ये सातच्या आसपास भरतो. एकामागून एक ऐकवलेल्या दोन स्वरांमधला पाच-सहा सेंटचा फरक सामान्य कानाला जेमतेम जाणवतो.

आता जाड ई तारेकडे या. ८२.४१ हर्ट्झला एक सेंट म्हणजे फक्त ०.०४८ हर्ट्झ. विद्यार्थ्यांना विचारा, वारंवारता कशी मोजाल? "एका सेकंदात किती कंपने होतात ती मोजू" हे उत्तर लगेच येईल. पण एका सेकंदात मोजली तर ८२ मोजली जातील किंवा ८३. चूक एका कंपनाची, म्हणजे एक हर्ट्झची, म्हणजेच तब्बल २१ सेंटची. एक सेंटपर्यंत पोचायचे तर मोजणी २१ सेकंद चालवावी लागेल, आणि तोवर तार शांत होऊन गाणेही सुरू झालेले असेल. ट्यूनर ही अडचण उलट्या बाजूने सोडवतो. कंपने मोजण्याऐवजी तो एका कंपनाला लागणारा वेळ मोजतो. ई तारेचा हा वेळ १२.१३४ मिलिसेकंद आहे. डबीत घड्याळात असतो तसा क्वार्ट्झचा स्फटिक असतो. तो सेकंदाला दहा लाख ठोके देत असेल तर एका कंपनात १२,१३४ ठोके पडतील. एका ठोक्याची चूक झाली तरी ती ०.१४ सेंटपेक्षा जास्त नाही! सेकंदाचा शंभरावा भाग पुरला. दोलकाचा आवर्तकाल काढताना आपण वीस आंदोलनांचा वेळ घेऊन भागतो. तीच युक्ती इथे वेगळ्या वेशात आहे. तिथे आपले घड्याळ ढोबळ म्हणून आंदोलने जास्त घ्यायची, इथे घड्याळ बारीक म्हणून एकच पुरते.

अर्थात एवढ्याने काम भागले असते तर सगळे ट्यूनर सारखेच ठरले असते. तार एकाच वारंवारतेने कंप पावत नाही. मूलस्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वर निघतात, आणि घोडीजवळ तार छेडली तर दुप्पट उपस्वर मूलस्वरापेक्षाही जोरकस असू शकतो. अशा वेळी एक कंपन कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले हे यंत्राने ठरवायचे कसे? स्वस्त ट्यूनरमध्ये काटा थरथरतो किंवा जाड तारेवर भलतेच अक्षर दाखवतो ते याच गोंधळामुळे. चांगल्या ट्यूनरमधला सूक्ष्मप्रक्रियक अनेक कंपनांचा आकार एकमेकांवर ठेवून पाहतो आणि कोणत्या कालांतराने आकृती तंतोतंत जुळते ते शोधतो. पैसे द्यायचे असतील तर ते या हुशारीला द्यावेत. खोक्यावर ती लिहिलेली नसते. दुकानातच जाड तार छेडून काटा किती लवकर आणि किती ठाम थांबतो ते पाहावे लागते. वादकाने तार मऊ हाताने, मानेकडच्या बाजूला छेडली तर यंत्राचे काम सोपे होते, हेही मुलांना सांगावे.

मग एक दशांश सेंटचे काय? जाड ई तारेच्या मूलस्वरात आणि आदर्श स्वरात एक सेंटचा फरक असेल तर दोन्ही एकत्र वाजवल्यावर २१ सेकंदांत एक विस्पंद ऐकू येईल. फरक एक दशांश सेंटचा असेल तर एका विस्पंदाला साडेतीन मिनिटे लागतील. एवढा वेळ ती तार वाजतही नाही. शिवाय तार जोरात छेडली की क्षणभर ती जास्त ताणली जाते आणि स्वर काही सेंट चढा निघतो, मग हळूहळू खाली येऊन स्थिरावतो. म्हणजे ज्या वस्तूची लांबी मोजताना ती स्वतःच काही मिलिमीटर हलते आहे, तिच्यासाठी मायक्रोमीटर स्क्रू गेज आणण्यासारखे हे झाले. एक दशांश सेंटचा ट्यूनर गिटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराला उपयोगी पडतो. घोडीवरची तारेची जागा ठरवताना त्याला मोकळ्या तारेचा आणि बाराव्या फ्रेटवरचा स्वर ताडून पाहायचा असतो. मंचावरच्या मुलाला एक सेंट भरपूर झाला.

इतक्या बारीक मापाचा दावा करणाऱ्या ट्यूनरना स्ट्रोब ट्यूनर म्हणतात, आणि त्यांची मूळ कल्पना वर्गात दाखवण्याजोगी आहे. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली पंखा बंद करताना पाती क्षणभर थांबल्यासारखी किंवा उलटी फिरल्यासारखी दिसतात, ते आठवा. ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते म्हणून असे होते. १९३६ साली अमेरिकेतल्या कॉन कंपनीने काढलेल्या स्ट्रोबोकॉन या यंत्रात ठरावीक वेगाने फिरणाऱ्या चकत्या होत्या, आणि वाद्याच्या आवाजाने उघडझाप करणारा दिवा त्यांच्यामागे होता. सूर जुळला की चकतीवरची नक्षी थांबलेली दिसे, नाहीतर ती एका बाजूला सरकत राही. ते यंत्र पेटीएवढे मोठे होते. हातात मावणारा काट्याचा ट्यूनर जपानच्या कॉर्ग कंपनीने १९७५ मध्ये आणला. बॉस कंपनीचा पायाखालचा टीयू-२ १९९८ मधला, आणि त्याची पुढची आवृत्ती टीयू-३ ही २०१० ची. त्याच वर्षी डेन्मार्कच्या टी.सी. इलेक्ट्रॉनिकने सहाही तारा एकदम छेडल्यावर कोणती उतरली आहे हे सांगणारा पॉलिट्यून आणला. तो मजेदार आहे खरा, पण शेवटी बिघडलेली तार एकटी छेडूनच लावावी लागते.

वायरीतून ऐकणे

मोबाइलवर फुकटचा ट्यूनर मिळत असताना, किंवा गिटारच्या माथ्याला चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर काही शे रुपयांत येत असताना, पायाखालच्या डबीला हजारो रुपये का मोजायचे? घरी बसून शिकणाऱ्यासाठी उत्तर सरळ आहे: मोजू नयेत. चिमट्याचा ट्यूनर लाकडाची कंपने थेट घेतो आणि घरी उत्तम चालतो. पण राजारामपुरीत किंवा मंगळवार पेठेत गणपतीच्या दिवसांत मांडवात उभे राहून पाहा. शेजारी ढोल-ताशा, समोर ध्वनिक्षेपकांची भिंत. मोबाइलच्या मायक्रोफोनला सगळेच ऐकू येते, म्हणून नेमके काहीच ऐकू येत नाही. चिमट्याच्या ट्यूनरलाही मंचाच्या फळ्या हादरताना गिटारबरोबर त्यांचाही धक्का मिळतो. पेडल ट्यूनर मात्र हवेतला आवाज ऐकतच नाही. तारेखालच्या पिकअपमध्ये चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत विद्युतदाब निर्माण होतो. फॅरेडेचा नियम आणि त्यातून आलेली ती वीज, एवढेच ट्यूनरपर्यंत पोचते.

पिकअपला चुंबकीय क्षेत्र कुठूनही आलेले चालते, आणि त्यातून एक गमतीदार प्रयोग निघतो. साध्या एकेरी वेढ्याच्या पिकअपची गिटार ट्यूनरला जोडा, तारा हाताने दाबून शांत ठेवा आणि गिटार एखाद्या ट्रान्सफॉर्मरजवळ किंवा जुन्या चोकजवळ न्या. बऱ्याच ट्यूनरवर 'जी' हे अक्षर उमटेल आणि काटा सुमारे ३५ सेंट वर दिसेल. घरातली वीज ५० हर्ट्झची आहे, आणि सर्वांत खालच्या 'जी'ची वारंवारता ४९ हर्ट्झ. मुलांना ५० भागिले ४९ चे सेंट काढायला सांगा, उत्तर ३५ येईल. चोकच्या गुणगुणीचे १०० हर्ट्झही त्याच अक्षरावर पडतात. जिथे वीज ६० हर्ट्झची आहे त्या अमेरिकेत हेच यंत्र 'जी' दाखवणार नाही. भारतीय ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात राखायची असते. हा सबंध पट्टा सव्वापाच सेंटचा. म्हणजे चांगला ट्यूनर घेऊन बसलात तर संध्याकाळी विजेची मागणी वाढताना काटा किंचित सरकतो का, हे पाहण्याचा प्रयत्न करायला हरकत नाही.

याच ठिकाणी विक्रेते 'ट्रू बायपास' आणि 'बफर' हे शब्द टाकतात. त्यामागचे भौतिकशास्त्र बारावीच्या पुस्तकाबाहेरचे नाही. पिकअपच्या हजारो वेढ्यांचा स्वयंप्रवर्तनांक काही हेन्री असतो, समजा ४. वायरीचा गाभा आणि वरची जाळी यांचा मिळून धारित्र बनतो, दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड. सहा मीटर वायरीचे ६०० पिकोफॅरड झाले. या जोडीची अनुनाद वारंवारता काढली तर सव्वातीन हजार हर्ट्झच्या आसपास येते. तिच्यापर्यंतचे उपस्वर ठळक जातात, त्यापुढचे गळतात. आता ट्यूनर मध्ये आला. गिटारपासून ट्यूनरपर्यंत सहा मीटर, तिथून ॲम्प्लिफायरपर्यंत आणखी सहा मीटर. धारिता दुप्पट झाली, अनुनाद २३०० हर्ट्झपर्यंत खाली आला, आणि आवाजातली चकाकी गेली. 'ट्रू बायपास'चा ट्यूनर बंद असताना दोन वायरी नुसत्या जोडून देतो, त्यामुळे हा तोटा तसाच राहतो. 'बफर' असलेल्या ट्यूनरमध्ये एक लहान मंडल सतत चालू असते. ते पिकअपवर फारसा भार टाकत नाही आणि पुढच्या वायरीला मात्र जोमाने हाकते. त्यामुळे मागची वायर कितीही लांब असो, अनुनाद पहिल्या सहा मीटरांवरच ठरतो. 'ट्रू' म्हणजे अस्सल या शब्दाला बाजारात उगाच जास्त भाव येतो. लांब वायरी आणि चार-पाच पेडल असतील तर साखळीत सुरुवातीला एक बफर असलेला बरा. एक गोष्ट मात्र 'ट्रू बायपास'च्या बाजूची आहे. कार्यक्रमात ट्यूनरचा अडॅप्टर निकामी झाला तर यांत्रिक कळीमुळे गिटारचा आवाज पुढे जात राहतो. बफरची वीज गेली की गिटारही मुकी होते.

कोणता 'बरोबर'?

इथपर्यंत आपण यंत्र किती अचूक ते पाहिले. पण अचूक कशाच्या तुलनेत? मधला हिरवा दिवा लागतो तो यंत्रात आधीच भरून ठेवलेल्या बारा आकड्यांशी जुळल्यावर. ते आकडे एका करारातून आलेले आहेत. मधल्या सप्तकातला 'ए' ४४० हर्ट्झ धरायचा, हे आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९५५ मध्ये नोंदले गेले. आणि त्यापासून प्रत्येक पुढचा स्वर दोनच्या बाराव्या मुळाने, म्हणजे १.०५९४६ ने गुणून काढायचा, हे समविभागी सप्तक. गिटारच्या मानेवरचे फ्रेट याच गुणोत्तराने बसवलेले असतात. पट्टीने मोजून पाहा: ६४८ मिलिमीटरच्या तारेवर पहिला फ्रेट मानेच्या वरच्या टोकापासून ३६.४ मिलिमीटरवर सापडेल.

कानाला मात्र १.०५९४६ आवडत नाही. त्याला ३:२, ५:४ अशी लहान पूर्णांकांची गुणोत्तरे आवडतात, कारण तेव्हा दोन स्वरांचे उपस्वर एकमेकांवर बरोबर पडतात आणि विस्पंद थांबतात. षड्ज-पंचम ३:२, म्हणजे ७०२ सेंट. समविभागी सप्तकात तो ७००. शुद्ध गांधार ५:४, म्हणजे ३८६ सेंट; समविभागी सप्तकात ४००. पंचमात दोनच सेंट सोडून द्यावे लागतात, गांधारात चौदा.

आता कानाने गिटार लावणाऱ्याचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. रूढ पद्धत अशी: जाड ई तारेच्या पाचव्या फ्रेटवर बोट अलगद टेकवून चौपट उपस्वर काढायचा, ए तारेच्या सातव्या फ्रेटवर तिप्पट उपस्वर काढायचा, आणि दोघांतले विस्पंद थांबेपर्यंत ए तारेची खुंटी पिळायची. कान तीक्ष्ण असेल तितके हे काम चोख होते, आणि तितकीच गिटार बिघडते! ८२.४१ ची चौपट ३२९.६३. ११० ची तिप्पट ३३०. विस्पंद पूर्ण थांबवले की ए तार ११० वर न राहता दोन सेंट खाली जाते. तिच्यावरून लावलेली डी चार सेंट खाली, तिच्यावरून जी सहा सेंट खाली. बी तार मात्र जाड ई तारेच्या तिप्पट उपस्वरावरून लावतात, ती दोन सेंट वर जाते. परिणामी जी आणि बी या शेजारच्या तारांमधले गांधाराचे अंतर ४०० ऐवजी ४०८ सेंट होते, म्हणजे शुद्ध गांधारापासून २२ सेंट दूर. "मी तर प्रत्येक तार अगदी शुद्ध लावली, तरी जी कॉर्ड बेसूर का?" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मुलाचा कान खराब नसतो. ट्यूनर इथे जे करतो ते खरे तर सुरांची तडजोड सहाही तारांवर सारखी वाटून देणे आहे. फ्रेटच्या वाद्याला ती तडजोड हवीच.

पण तोच ट्यूनर घरातल्या तंबोऱ्याला लावला तर? कोल्हापुरापासून मिरज पन्नास किलोमीटरच्या आसपास. तिथल्या सतारमेकर घराण्यांचे तंबोरे देशभर जातात; मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याला फ्रेट नाहीत, म्हणून तडजोडीची गरजही नाही. काळी एक पट्टीचा तंबोरा घ्या. जोडीच्या तारा १३८.५९ हर्ट्झवर. ट्यूनरवर हिरवा दिवा लागेपर्यंत पंचमाची तार पिळली तर ती १०३.८३ वर येईल. षड्जाची तिप्पट ४१५.७७, पंचमाची चौपट ४१५.३०. साधारण दोन सेकंदांत एक विस्पंद. साध्या तारेवर तो कदाचित लक्षात आला नसता, पण मिरजेचा कारागीर घोडी घासून जी जवारी काढतो तिचे कामच वरचे उपस्वर फुलवण्याचे असते. त्यामुळे ही दोन सेंटची कसर तंबोऱ्यात हेलकावताना ऐकू येते. आणि खर्जाच्या तारेतून जो गांधार आपोआप उमटतो तो पाचपट उपस्वर आहे: ६९.३० ची पाचपट, ३४६.५. पेटीवरच्या गांधाराचा वरचा स्वर ३४९.२३. दोन्ही एकत्र वाजले तर सेकंदाला पावणेतीन विस्पंद. शाळेच्या पेटीबरोबर तंबोरा लावला की काहीतरी टोचते, असे गाणे शिकवणाऱ्या बाई म्हणतात, त्याचे हे गणित.

हा वाद याच भागात शंभर वर्षांपूर्वी रंगला होता. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींच्या गुणोत्तरांचा शोध घेतला. त्यांच्या कामात आधार होता तो मिरजेच्या अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचा. यंत्राने गवय्याला सूर सांगण्याऐवजी गवय्याच्या सुरावरून मापे काढायची, असा हा उलटा प्रवास. १९१० मध्ये देवलांनी याविषयीचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी ई. क्लेमंट्स यांनी ते काम पुढे नेले आणि त्या श्रुती वाजवणारी खास पेटी तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर मतभेद झाले, भातखंड्यांना ही मांडणी पटली नाही, आणि पेटीही रूढ झाली नाही. गवई प्रत्येक रागात एकच ठाम आकडा गातो का, ही शंका रास्तच होती. मला मात्र देवलांच्या पद्धतीतली एक गोष्ट आजही शिकवण्याजोगी वाटते: त्यांनी मोजपट्टी हातात घेण्याआधी ती कुणी आखली आहे हे विचारले.

विद्यार्थ्याच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. घ्यायचा तो ट्यूनर बारा स्वर ओळखणारा असावा आणि 'ए'चा आकडा ४४० वरून मागेपुढे करता यावा, कारण कार्यक्रमातली पेटी किंवा बासरी ४४० ची असेलच असे नाही, आणि पेटी काही पिळून लावता येत नाही. दिवे दुपारच्या उन्हात दिसले पाहिजेत. आकाराचे म्हणाल तर टीयू-३ सारखी नेहमीची डबी ७३ मिलिमीटर रुंद आणि १२९ मिलिमीटर लांब असते. छोट्या डब्या याच्या दोन-तृतीयांश रुंदीत बसतात, पण त्यांतल्या बहुतेकांत ९ व्होल्टच्या सेलला जागा नसते. अडॅप्टर नसेल तर त्या निरुपयोगी. खूप पेडल असतील त्यानेच त्या छोट्या डब्यांचा विचार करावा. अडॅप्टर घेताना आणखी एक दक्षता: गिटारच्या पेडलांना बहुधा मधली पिन ऋण लागते, आणि घरातल्या बऱ्याच उपकरणांच्या अडॅप्टरमध्ये ती धन असते. शाळेच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर लावून आधी पाहावे.

शाळेत एखादा साधा, मायक्रोफोनचा ट्यूनर असेल तर गिटार नसतानाही प्रयोग करता येतो. सोनोमीटरची तार घेऊन हिरवा दिवा लागेपर्यंत ताण द्या. मग घोडी सरकवून कंप पावणारी लांबी बरोबर दोन-तृतीयांश करा आणि ताण तोच ठेवून पुन्हा छेडा. काटा पंचमावर येईल, पण मध्यापासून दोन सेंट उजवीकडे थांबेल. लांबी चार-पंचमांश केली तर गांधारावर, चौदा सेंट डावीकडे. लांबीत एक मिलिमीटरची चूक झाली तर काटा किती सरकतो, हेही त्याच तासाला मोजून घ्यावे.